दाण्यावरून मांसावर: तीन फेरेट, अकरा आठवडे

ढब्बूला मी कच्च्या मांसाचा पहिला तुकडा दिला तेव्हा त्याने तो खाल्ला नाही, पण टाकलाही नाही. कोंबडीचं हृदय होतं, सुपारीपेक्षा जरा मोठं, ओलसर. त्याने ते हुंगलं, पुढच्या दातांत अलगद धरलं आणि मागे मागे सरकत पलंगाखाली नेलं. तिथे त्याचा खजिना असतो: एक मोजा, एक रबरी चेंडू, माझ्या भावाचं किचेन. हृदय त्याने मोज्याच्या घडीत ठेवलं, नाकाने ढकलून नीट झाकलं, आणि परत येऊन वाटीतले त्याच्या नेहमीच्या तयार खाण्याचे कोरडे दाणे कडाकडा खायला लागला.

मी जमिनीवर पालथी पडून हे बघत होते. त्याच्या लेखी ते खाणं नव्हतंच. चेंडू जसा जपून ठेवायचा तसंच हेही. आठवडाभर वाचून, टिपणं काढून मी तयारी केली होती, ती सगळी 'मांस दिलं की मांसाहारी प्राणी ते खाणारच' या समजुतीवर उभी होती. ती समजूत पहिल्याच संध्याकाळी मोडली, आणि पुढचे अकरा आठवडे मी खरं तर एकच गोष्ट शिकत होते: फेरेटच्या नाकाला एखादा वास 'हे अन्न' म्हणून पटवायचा कसा, आणि तो पटेपर्यंत त्याला उपाशी ठेवायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं.

आमच्याकडे तीन आहेत. ढब्बू तीन वर्षांचा नर, तेव्हा १,४०० ग्रॅमचा. भुरी पाच वर्षांची मादी, ८२० ग्रॅम. आणि चिंगी, पाच महिन्यांचं पिल्लू. लांबट अंग, आखूड पाय, त्यामुळे पाहणाऱ्याला पहिल्यांदा मुंगूसच आठवतं. पण मुंगसाशी याचं जवळचं नातं नाही. फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याचा माणसाळलेला वंशज, आणि घराणं पाणमांजराचं.

मांसाकडे वळायचं कारण घडलं दाताच्या तपासणीत. डॉक्टरांनी ढब्बूचा ओठ वर करून दाखवला. मागच्या दाढांवर पिवळट-तपकिरी थर आणि त्याच्या कडेने हिरडी लाल. त्या म्हणाल्या, "तीन वर्षांच्या मानाने जरा जास्त आहे. कोरडं खाऊन दात घासले जातात असं लोक समजतात, तसं फारसं होत नाही." घरी येऊन मी दाण्याच्या पिशवीची मागची बाजू पहिल्यांदा नीट वाचली. प्रथिनं ३६ टक्के, स्निग्ध १८, पाणी १०, राख म्हणजे खनिजं ८. पिष्टाचा आकडा कुठेच छापलेला नव्हता. मग मी बेरीज केली: ७२. उरलेल्या २८ टक्क्यांत थोडा तंतू सोडला तर बाकी सगळं पिष्टच. दाण्याला आकार यायला पिष्ट लागतंच, त्याशिवाय तो बांधला जात नाही. म्हणजे ही काही लबाडी नव्हे, दाणा असाच बनतो. पण ज्या प्राण्याला आंधळं आतडं म्हणजे सीकमच नाही, ज्याच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत बाहेर पडतं, त्याला धान्य आणि वाटाणा पचवायला वेळ तरी कुठे मिळतो, हे त्या रात्री माझ्या डोक्यातून जाईना.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्या स्पष्टपणे म्हणाल्या की त्यांचा कच्च्या मांसाला पाठिंबा नाही. जंतूंचा धोका प्राण्यालाही आणि घरातल्या माणसांनाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने, एव्हीएमएने, २०१२ सालीच कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस देऊ नये अशी भूमिका घेतली, ती त्यांनी सांगितली. मी त्यांचं म्हणणं खोडलं नाही, कारण ते खरंच आहे. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया हे काही फक्त पुस्तकातले शब्द नव्हेत. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही करणारच असाल तर अर्धवट करू नका. नुसतं मांस घातलंत तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतील. आणि रोज वजन करा. रोज म्हणजे रोज. पाच टक्के उतरलं तर मला फोन, दहा टक्के उतरलं तर सगळं थांबवायचं आणि जुनं खाणं परत द्यायचं." मी त्यांच्यासमोरच वहीत ते लिहून घेतलं. पुढे जे काही निभावलं ते त्या वहीमुळे आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यामुळे.

एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती, ती आधीच सांगते. फेरेटचं वजन ऋतूनुसार खालीवर होतं. दिवस लहान व्हायला लागले की ते अंगावर चरबी धरतात आणि उन्हाळ्याकडे उतरवतात. फरक चांगला दिसण्याइतका असतो. मी सुरुवात केली ती वजन वाढण्याच्या दिवसांत. त्यामुळे सहाव्या आठवड्यात ढब्बूचा काटा 'जैसे थे' होता याचा अर्थ तो थोडा कमीच खात होता, हे मला उशिरा कळलं.

चिंगीचं काम सोपं झालं. तिच्या आधीच्या पालकांनी तिला आईच्या दुधावरून काढतानाच दाण्याबरोबर खिमाही दिला होता. फेरेटची खाण्याच्या वासांची ओळख मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पक्की होते. त्या वयात जे नाकाशी आलं ते आयुष्यभर अन्न, जे आलं नाही ते नुसती वस्तू. चिंगीला मांस ओळखीचं होतं. तिसऱ्या दिवशी ती पंखाचं टोक घेऊन टेबलाखाली बसली आणि आतून कटकट आवाज यायला लागला. आधी मी घाबरले, काही मोडलं की काय. मग खाली वाकून पाहिलं. डोकं एका बाजूला कलतं करून ती हाड गालाच्या आतल्या कात्रीसारख्या दाढांखाली घेत होती आणि चावत होती, डोळे अर्धे मिटून. पुढच्या दातांनी ती काहीच तोडत नव्हती. पुढचे सुळे धरायला, मागच्या दाढा कापायला. आठ दिवसांत तिने दाणा सोडला.

ढब्बूला मात्र पायरी पायरीने न्यावं लागलं. दाणे कोमट पाण्यात भिजवून दिले तर तो वाटीकडे पाठ फिरवायचा. त्याला कडकडणं हवं होतं. ओलं खाणं हेच मुळात त्याला परकं. म्हणून मी आधी मांस बाजूलाच ठेवलं आणि आठवडाभर नुसते भिजवलेले दाणे बोटावर घेऊन चाटायला लावले. त्यावर सामन माशाच्या तेलाचे दोन थेंब. हे तेल त्याला आधीपासून लाडाचं होतं, त्यामुळे तो वास दोन जगांमधला पूल झाला. बोटावरून चमच्यावर, चमच्यावरून बशीत. मग त्या लापशीत चमचाभर कच्चा खिमा, इतका बारीक वाटलेला की वेगळा दिसू नये. नऊ भाग जुनं, एक भाग नवं. तीन दिवस तेच. खाल्लं की प्रमाण थोडं वाढवायचं, नाकारलं की एक पायरी मागे.

इथे दोन गोष्टींनी फार मदत केली. एक म्हणजे ऊब. फ्रिजमधून काढलेल्या मांसाला वासच नसतो, निदान अनोळखी नाकाला बोलावण्याइतका तरी नाही. वाटी गरम पाण्यात धरून अंगाच्या उबेइतकी केली की तेच मांस त्याला जाणवायचं. मायक्रोवेव्हमध्ये मी कधी घातलं नाही, कारण खिम्यात हाड दळलेलं असायचं, आणि शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार चिरफळ्या निघतात. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या दाण्याची पूड. दाणे मिक्सरमधून काढून ती पूड मांसावर भुरभुरायची. वरून ओळखीचं, आतून नवं. चौथ्या आठवड्यात त्याची बशी बघितली तर वरची पूड चाटून झाली होती आणि खालचा खिमाही अर्धा गेला होता. मी बशी तशीच काट्यावर ठेवली: १९ ग्रॅम. वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा आहेत.

मऊ खायला लागला म्हणजे चावायला लागला असं नाही. खिम्यावरून तुकड्यांवर येताना पुन्हा आठवडाभर अडलो. तेव्हा माझ्या भावाने युक्ती काढली. तो म्हणाला, "ताई, हा चिंधी धरून ओढतो ना, तसं मांस ओढायला दे की." मी मांसाची बोटभर लांब पट्टी कापली, एक टोक चिमटीत धरलं आणि दुसरं त्याच्या नाकापुढे हलवलं. पहिल्या दिवशी तो खेळला आणि सोडून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने धरलं, मी ओढलं, त्याने जोर लावला, आणि जोर लावताना पट्टी मागच्या दाढांत गेली. कच्चकन तुटली. तो क्षणभर थबकला. तोंडात जे उरलं होतं ते त्याने दोनदा चावलं आणि गिळलं. मग माझ्या हातातलं घेण्यासाठी तो पाय रोवून उभा राहिला. त्या दिवसानंतर ढब्बूसाठी दाण्याची पूड लागली नाही. हाडाकडे यायला आणखी दोन आठवडे गेले, तेही पंखाच्या टोकापासून, जिथे हाड इतकं बारीक असतं की माझ्या कात्रीनेही कापलं जातं.

आता भुरी. तिच्याबद्दल लिहिणं मला सोपं नाही.

पाच वर्षं ती एकाच प्रकारच्या दाण्यावर वाढलेली. ढब्बूचं जमतंय हे पाहून मी तिलाही त्याच वाटेने न्यायला लागले. पाचव्या आठवड्यात एका रात्री मी ठरवलं की तिच्या पिंजऱ्यात दाणे ठेवायचेच नाहीत, फक्त लापशी. भूक लागली की खाईल. मांजरांच्या बाबतीत हे करू नये हे मला माहीत होतं, आणि फेरेटच्या बाबतीत तर त्याहून कमी वेळ हातात असतो हेही मी वाचलं होतं. तरीही केलं. सकाळी भावाने हाक मारली, "ताई, भुरी बघ गं, कशी तरीच करतेय." ती झोळीच्या कडेशी उभी होती. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हती. तोंडातून लाळ गळत होती आणि पुढच्या पंजाने ती तोंड खाजवल्यासारखं करत होती. उचलून जमिनीवर ठेवलं तर मागचे पाय पसरले. ढुंगण उचलताच येईना.

हे रक्तातली साखर घसरल्याचं लक्षण असू शकतं हे मला आठवलं, आणि त्याचं श्रेय माझ्या वाचनाला नव्हे, डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावून सांगितलेल्या वाक्याला. बोटाला मध घेऊन तिच्या हिरडीवर चोळला; तोंडात ओतला नाही, कारण अशा अवस्थेत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. काही मिनिटांत तिने मान उचलली. मग लगेच तिचे जुने दाणे कोमट पाण्यात कालवून चमच्याने दिले, कारण नुसती साखर दिली की शरीर पुन्हा इन्सुलिन सोडतं आणि थोड्या वेळाने साखर आणखी खाली जाते. तसंच तिला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात नेलं. तिथे पोहोचल्यावरसुद्धा साखर ५२ निघाली. फेरेटची साखर साधारण ९०च्या वर असायला हवी.

निदान इन्सुलिनोमाचं झालं. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची गाठ. ती शरीराला गरज असो-नसो इन्सुलिन सोडत राहते. मध्यम वयाच्या फेरेटमध्ये हा आजार बराच आढळतो. मी डॉक्टरांना विचारलं की हे माझ्यामुळे झालं का. त्या म्हणाल्या, "गाठ तुमच्यामुळे नाही झाली. ती आधीपासून असणार. पण काल रात्री ती उपाशी राहिली म्हणून आज दिसली." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. पिष्टाच्या खाण्याने हा आजार होतो असं पुष्कळ फेरेट पाळणारे ठामपणे सांगतात. तसा संशय घेतला जातो, सिद्ध झालेलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मी तेव्हापासून कोणालाही 'मांस घाला म्हणजे इन्सुलिनोमा टळेल' असं सांगत नाही.

निरोगी फेरेटलाही चार-पाच तासांहून जास्त वेळ पोट रिकामं राहणं झेपत नाही, आणि उपासमार लांबली तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. 'भूक लागली की खाईल' हे वाक्य या प्राण्याच्या बाबतीत मनातूनही काढून टाकावं. जोवर नवं खाणं पोटभर जात नाही, तोवर जुनं समोरून हलवायचं नाही. हळू जायचं, वर्ष लागलं तरी चालेल. हे मला एका जनावराच्या जिवाच्या किमतीवर कळायची वेळ आली होती.

बाकीच्या दोघांचं पुढे कसं बसवलं ते लिहिते. ठरावीक प्रमाण बरेच जण सांगतात: ८० टक्के स्नायूचं मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के दुसरा एखादा स्रावी अवयव, म्हणजे मूत्रपिंड किंवा प्लीहा. हृदय अवयव असलं तरी ते स्नायूतच मोजायचं. त्यात टॉरिन हे फेरेटला लागणारं अमिनो आम्ल भरपूर असतं, म्हणून ते मी आठवड्यातून तीन-चारदा देते. ढब्बू आणि चिंगी मिळून दिवसाला साधारण १५० ग्रॅम खातात, म्हणजे आठवड्याला १,०५० ग्रॅम. त्यातलं १० टक्के हाड म्हणजे १०५ ग्रॅम. पण पंख म्हणजे पूर्ण हाड नव्हे. पंखात जेमतेम ४५ टक्के हाड असतं, बाकी मांस आणि कातडी. म्हणजे १०५ ग्रॅम हाडासाठी सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम पंख. हा हिशोब मी पहिल्यांदा चुकवला होता, १०५ ग्रॅम पंख घातले आणि हाड निम्म्याहून कमी पडलं. कलेजीचं उलटं: ती त्यांना आवडते म्हणून हात सैल सोडला तर अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं. ती मी काट्यावरच मोजते, आठवड्याला ५२ ग्रॅम, दोन दिवसांत विभागून.

प्रमाण बरोबर आहे का हे ट्रेमध्ये कळतं. हाड जास्त झालं की विष्ठा पांढरट, खडूसारखी भुरभुरीत. अवयव जास्त झाले की काळपट आणि पातळ. बदलाच्या पहिल्या दोन आठवड्यांत हिरवट, चिकट, मधेच दाणेदार असं काय काय दिसलं, आणि प्रत्येक वेळी माझं काळीज लकलकलं. दोन दिवसांत सुधारलं तर ठीक. डांबरासारखी काळी चिकट असेल तर ती वाट बघायची गोष्ट नाही, आतून रक्तस्राव असू शकतो. बदल पक्का झाल्यावर मात्र विष्ठा निम्म्याने कमी झाली आणि वासही. पाणीही ते कमी पितात. पहिल्यांदा मी त्यालाही घाबरले, मग लक्षात आलं की दाण्यात १० टक्के पाणी असतं आणि मांसात ७०च्या पुढे.

लपवण्याची सवय हे खरं घरातलं संकट. दाणा पलंगाखाली पडला तर पडला. मांसाचा तुकडा दोन दिवसांनी बुटात सापडतो तेव्हा तो कोणाच्याही आरोग्याला बरा नव्हे. म्हणून आता जेवण पुसता येईल अशा बंद जागेतच, तुकडे लहान, आणि अडीच तासांनी जे उरलं ते बाहेर. रोज रात्री बॅटरी घेऊन मी त्यांच्या सगळ्या लपायच्या जागा तपासते. कापायचा बोर्ड आणि सुरी वेगळी, साबण आणि गरम पाणी, आणि जेवण झाल्यावर तासभर कोणी त्यांना तोंडाशी घ्यायचं नाही. घरात तान्हं मूल असतं किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असती तर मी हे सुरूच केलं नसतं.

कोणतं मांस हाही विचार करावा लागला. डुकराचं कच्चं मांस डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितलं. त्यात स्यूडोरेबीजचा विषाणू असू शकतो आणि तो फेरेटला जिवघेणा ठरतो. काही कच्च्या माशांत थायमिन हे जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, म्हणून मासा नाही, फक्त तेल. कोंबडीबद्दलची माझी काळजी बर्ड फ्लूची आहे. फेरेटची आणि फ्लूची गाठ जुनी: १९३३ साली लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटमध्येच, आणि त्यातल्या एका संशोधकाला आजारी फेरेट शिंकल्याने फ्लू झाला. इतका हा प्राणी त्या विषाणूला हळवा. २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये गोठवलेलं कच्चं टर्की खाऊन एक घरातलं मांजर बर्ड फ्लूने गेलं. गोठवल्याने काही परजीवी मरतात. विषाणू आणि जिवाणू नाही. त्यामुळे पक्ष्यांमध्ये साथ आली की कच्ची कोंबडी आमच्याकडे बंद, आणि तिच्याऐवजी ससा व मेंढी. त्यासाठी ढब्बूला सशाच्या बरगड्या आधीच ओळखीच्या करून ठेवल्या आहेत. नाकाला नवी ओळख घडायला वेळ लागतो, संकट आल्यावर तो मिळत नाही.

याच कारणाने मी दोघांना आठवड्यातून एकदा मूठभर दाणेही देते. काही जण याला अर्धवटपणा म्हणतील. पण उद्या मला दवाखान्यात राहावं लागलं, मांस मिळालं नाही, तर त्यांना जे सहज मिळेल ते खाता आलं पाहिजे. एकाच वासाला बांधलेला फेरेट किती नाजूक असतो हे मी भुरीत पाहिलं.

ढब्बूच्या दातांबद्दल: जुना थर हाडांनी गेला नाही, तो भूल देऊन काढावाच लागला. त्यानंतरच्या चार महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा ओठ वर करून पाहिलं, हिरडी गुलाबी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं मत बदललेलं नाही. पण वही मात्र अशीच ठेवा."

भुरी हाड खात नाही, तुकडेही खात नाही. ती पूर्णपणे मांसावर आलीच नाही, आणि मी तो हट्ट सोडून दिला. तिची लापशी आता निम्मी बारीक वाटलेल्या मांसाची आणि निम्मी जुन्या दाण्याची असते, हाडाच्या जागी डॉक्टरांनी मोजून दिलेली अंड्याच्या टरफलाची पूड. साखर घसरू नये म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड औषध दिवसातून दोनदा, खाणं दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. रात्री एकचं मी देते, पहाटे पाचचं भाऊ. ती झोळीतून पूर्ण बाहेरही येत नाही. चमचा जवळ नेला की आधी नाक हलतं, मग मिशा, मग जीभ. डोळे मिटलेलेच. चमचा तळापर्यंत चाटून झाला की ती माझं बोटही चाटते, नखाच्या कडेने, काही राहिलं नाही ना हे बघत. मग मी तिला काट्यावर ठेवते. काल ७९५ होती. आज ७९८.